थ्री नॉट थ्री: जुनी लष्करी रायफल ओळखायची, सावरायची आणि चालवायची कशी

एनसीसीच्या परेडला ज्यांनी खांद्यावर रायफल पेलली आहे, त्यांना थ्री नॉट थ्रीची ओळख करून द्यावी लागत नाही. पोलिस ठाण्याच्या दारात, निवडणुकीच्या बंदोबस्तात ती आपण वर्षानुवर्षं पाहिली. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला झाला तेव्हा सीएसटी स्थानकावरच्या काही पोलिसांच्या हातात हीच रायफल होती. नाव ली-एनफिल्ड, बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास .३०३ इंच, वजन चार किलोच्या आतबाहेर.

भारतात ती हळूहळू सरकारी सेवेतून निघाली. ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड या देशांत मात्र तिच्याभोवती मोठा छंद उभा आहे. लोक ती शोधून विकत घेतात, तिची डागडुजी करतात आणि सुट्टीच्या दिवशी रेंजवर नेऊन चालवतात. शंभर वर्षांपूर्वी बनलेली आणि दोन-तीन देशांच्या फौजांतून फिरलेली वस्तू पुन्हा खांद्याला लावून चाप ओढणं वाटतं तितकं सोपं नाही. यात एक क्रम पाळावाच लागतो: आधी वाचन, मग मोजमाप, मग दुरुस्ती आणि सगळ्यात शेवटी गोळी. रायफलीचं असो की माणसाचं, नुकसान बहुतेक वेळा हा क्रम मोडल्यामुळेच होतं.

थोडी वंशावळ

जेम्स पॅरिस ली हा स्कॉटलंडमध्ये जन्मलेला, कॅनडात वाढलेला आणि पुढे अमेरिकेत काम केलेला संशोधक. बोल्ट, म्हणजे काडतूस नळीत ढकलून मागून बंद करणारा सरकता दांडा, आणि त्याखाली बसणारं मॅगझिन, म्हणजे काडतुसांची पेटी, ही या रायफलीची मूळ रचना त्याची. १८८८ साली ब्रिटिश फौजेने ती घेतली तेव्हा नळीच्या आतले पिळाचे चर विल्यम मेटफर्ड यांच्या पद्धतीचे होते, उथळ आणि गोलसर. काळ्या दारूला ते चालत होते. मग कॉर्डाइट ही बिनधुराची दारू आली, तिची उष्णता फार, आणि ते चर झपाट्याने झिजायला लागले. १८९५ मध्ये एनफिल्डच्या कारखान्याने खोल आणि कडा असलेले पाच चर आणले, आणि ‘ली-मेटफर्ड’ची ‘ली-एनफिल्ड’ झाली.

पायदळाला लांब आणि घोडदळाला आखूड अशा दोन बंदुका ठेवण्याऐवजी सगळ्यांना मधल्या मापाची एकच द्यायची, या विचारातून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ‘शॉर्ट’ ली-एनफिल्ड आली. तिची १९०७ ची तिसरी आवृत्ती, म्हणजे मार्क थ्री, पहिल्या महायुद्धात जगभर गेली. मॅगझिनमध्ये दहा काडतुसं बसायची. बोल्ट अडकवणारे खटके मागच्या बाजूला असल्यामुळे हात थोडासाच हलवावा लागायचा आणि बोल्ट पुढे ढकलताना स्प्रिंग दाबली जायची. त्यामुळे वेग प्रचंड. ब्रिटिश शिपायाला तीनशे यार्डांवरच्या लक्ष्यावर एका मिनिटात नेम धरून पंधरा गोळ्या झाडाव्या लागत. १९१५-१६ मध्ये आजच्या इराकमधल्या कुत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकलेल्या भारतीय फौजेत मराठा पलटणी होत्या. मेसोपोटेमियाची ती सगळी मोहीम .३०३ च्या काडतुसावरच लढली गेली.

लोखंडावर लिहिलेलं वाचायचं

दस्ता जिथे रायफलीच्या लोखंडी अंगात, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या भागात, शिरतो तिथे एक जाड पोलादी कडं असतं. रायफल हातात घेतली की सगळ्यात आधी त्याची उजवी बाजू पाहायची. वर मुकुट, खाली राजाची किंवा राणीची आद्याक्षरं, मग कारखाना, साल आणि नमुना. व्ही.आर. म्हणजे व्हिक्टोरिया, ई.आर. म्हणजे एडवर्ड, जी.आर. म्हणजे जॉर्ज. कारखाने मोजकेच: इंग्लंडमध्ये एनफिल्ड, बर्मिंगहॅमची बीएसए आणि लंडनची एलएसए, ऑस्ट्रेलियात लिथगो, आणि आपल्याकडे हुगळीच्या काठी ईशापूर. स्वातंत्र्यानंतरही ईशापूरने ही रायफल बनवणं सोडलं नाही. चीन युद्धानंतरच्या वर्षांत तर त्यांनी हीच रचना नव्या पोलादात, ७.६२ मिलिमीटरच्या नाटो काडतुसासाठी बनवली. ती ‘२ए’ आणि ‘२ए१’. तिचं मॅगझिन खालून चौकोनी दिसतं, त्यावरून ती लांबूनही ओळखता येते.

ही आद्याक्षरं आणि सालं नीट वाचली तर मोठी फसगत टळते. आजच्या पाकिस्तानातल्या खैबर भागात, विशेषतः दर्रा आदमखेलच्या बाजारात, हाताने घडवलेल्या ली-एनफिल्डच्या नकला पिढ्यान्‌पिढ्या बनत आल्या. अफगाणिस्तानात गेलेल्या अनेक अमेरिकन सैनिकांनी तशा बंदुका आठवण म्हणून घरी नेल्या. कारागिरी थक्क करणारी असते, पण अक्षरं न समजता नक्कल केलेली असल्यामुळे ‘एन’ उलटा पडतो, स्पेलिंग चुकतं, आणि व्ही.आर. या अक्षरांखाली १९०७ सारखं साल दिसतं. व्हिक्टोरिया राणी जानेवारी १९०१ मध्येच वारली, तिच्या नावाची रायफल १९०७ मध्ये कशी बनेल? अशी बंदूक भिंतीवर लावावी, तिच्याविषयी भरभरून बोलावं, पण तिच्यातून गोळी कधीही झाडू नये. तिचं पोलाद कशाचं आहे हे कुणालाच ठाऊक नसतं.

मग येतात क्रमांक. मार्क थ्रीवर एकच क्रमांक ठिकठिकाणी मारलेला असतो: अंगाच्या पुढच्या भागावर, नळीवर, बोल्टच्या मुठीमागे, नेम धरायच्या मागच्या साइटच्या पट्टीखाली, नळीच्या तोंडाजवळच्या पुढच्या लोखंडी टोपीवर आणि पुढच्या लाकडाच्या खालच्या बाजूला. सगळे जुळले तर संग्राहक खूश होतो आणि किंमतही वाढते. मात्र न जुळणारा क्रमांक दिसला म्हणून नाक मुरडू नये. जुना आकडा रेघ मारून खोडलेला आणि शेजारी नवा मारलेला असेल, तर ते शस्त्रागारातलं प्रामाणिक काम आहे. त्या रायफलीची नळी बदलली किंवा बोल्ट बदलला, एवढीच ती नोंद. आकडा घासून नाहीसा केलेला असेल, तर मात्र कुणीतरी काहीतरी लपवलेलं आहे.

बाकीच्या खुणाही बोलक्या असतात. बाणाच्या टोकासारखी खूण म्हणजे सरकारी मालमत्ता, त्याखाली ‘आय’ असेल तर ती भारत सरकारची. दोन बाण टोकाला टोक लावून मारलेले असतील तर फौजेने ती रायफल विकून टाकली. जुन्या दस्त्यांच्या उजव्या बाजूला एक गोल पितळी चकती असते, तिच्यावर पलटणीची अक्षरं आणि शस्त्राचा क्रमांक. कुठल्या तुकडीकडे ही बंदूक होती हे सांगणारा तो बहुधा एकमेव पुरावा. आता बाजारात नव्या बनवलेल्या चकत्याही मिळतात, त्यामुळे चकतीच्या कडेला साचलेला मळ आणि स्क्रूच्या खाचेची झीज पाहिल्याशिवाय जादा पैसे मोजू नयेत.

दोन खुणा दिसल्या तर चालवायचा विचार तिथेच सोडायचा. एक, डी.पी., म्हणजे फक्त ड्रिलसाठी. अशा रायफली कवायतीसाठी बाजूला काढलेल्या असतात. त्यांच्या नळ्या, बोल्ट किंवा अंग यांत दोष असू शकतो, कधी मुद्दाम भोकही पाडलेलं असतं. दुसरी, पुढच्या लाकडाभोवती तांब्याची तार घट्ट गुंडाळून डाख दिलेली रायफल. तोंडाला कप लावून हातगोळे फेकण्यासाठी ती वापरत. हातगोळ्याचा झटका साध्या गोळीपेक्षा कितीतरी मोठा, आणि त्याने रायफलीच्या अंगावर काय ताण पडून गेलाय ते डोळ्यांना दिसत नाही. भारतीय फौजेतल्या अशा तारेच्या रायफली परदेशी बाजारात बऱ्याच दिसतात. देखण्या असतात, पण त्या जपून ठेवायच्या.

कायदा

भारतात राहणाऱ्यांसाठी हे दोन परिच्छेद. .३०३ हा लष्करी बोअर असल्यामुळे तो प्रतिबंधित गटात मोडतो आणि सामान्य नागरिकाला परवान्यावर मिळत नाही. म्हणूनच ईशापूरने नागरी परवानाधारकांसाठी .३१५ बोअरची शिकारी रायफल काढली. तिचा बोल्ट आणि अंग याच घराण्यातलं, काडतूस तेवढं वेगळं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोनच बंदुका ठेवता येतात, आणि वडिलोपार्जित बंदूकही त्यात मोजली जाते. १९५९ च्या शस्त्र कायद्यातल्या कलम ४५ मध्ये जुनाट आणि पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या शस्त्रांना सूट आहे, पण ती दुरुस्ती करूनही चालू शकणार नाहीत अशांनाच.

वाड्याच्या माळ्यावर आजोबांच्या काळातली बंदूक सापडलीच, तर ती ‘चालते का’ हे पाहायला जाऊ नका. तिला तेलही लावू नका. वकिलाला विचारा आणि परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला कळवा, म्हणजे जिल्हा दंडाधिकारी किंवा आयुक्तालय असलेल्या शहरात पोलिस आयुक्त. परदेशातही प्रत्येक ठिकाणी नियम निराळे. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात १८९८ पर्यंत बनलेली बंदूक पुराणवस्तू धरतात, त्यामुळे मार्क थ्री त्यात बसत नाही. ब्रिटनमध्ये ती ठेवायला पोलिसांचं फायरआर्म सर्टिफिकेट लागतं. यापुढचं सगळं अशा कायदेशीर मालकासाठी आहे.

सावरणं म्हणजे नवं करणं नव्हे

रायफल रिकामी आहे ना, हे डोळ्यांनी आणि बोटाने तपासून मगच ती खोलायची. इथे एक जागा अशी आहे की तिची माहिती नसेल तर शंभर वर्षं टिकलेलं लाकूड पाच मिनिटांत फुटतं. दस्ता एका लांब स्क्रूने आवळलेला असतो आणि तो फिरवायला दस्त्याच्या मागून लांब स्क्रूड्रायव्हर घालतात. मार्क थ्रीमध्ये या स्क्रूचं पुढचं टोक चौकोनी असतं आणि ते पुढच्या लाकडातल्या एका पोलादी पट्टीत अडकून बसतं, म्हणजे वापरात स्क्रू आपोआप सैल पडू नये. आता पुढचं लाकूड जागेवर असतानाच कुणी दस्ता काढायला गेला, तर ते चौकोनी टोक फिरतं आणि लाकडाला आतून चिरतं. म्हणून आधी पुढची टोपी, मग पट्ट्या, मग पुढचं लाकूड, आणि दस्ता सगळ्यात शेवटी. जोडताना याच्या बरोबर उलटं.

साठवणुकीतल्या रायफलींवर ग्रीस थापलेलं असतं. लाकूड काळ्या पिशवीत घालून उन्हात ठेवलं की ते वितळून बाहेर येतं, पुसून घ्यायचं आणि पुन्हा ठेवायचं. घाई करून तीव्र द्रावणात बुडवलं तर लाकूड कोरडं पडून तडकतं. लाकडावरचे दबलेले खळगे ओल्या फडक्यावरून गरम इस्त्री फिरवली की वाफेने पुष्कळसे वर येतात. त्यानंतर जवसाचं तेल, हाताने चोळून, पातळ थर देत, मध्ये दिवस जाऊ देत. फौजही हेच तेल वापरायची. चकचकीत वॉर्निश या लाकडावर कधीच नव्हतं. तेलाच्या चिंध्या मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना उष्णता सोडतं आणि असा बोळा आपोआप पेटतो. चिंध्या एकेक पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

पॉलिश पेपर हा या छंदातला सगळ्यात मोठा शत्रू आहे, असं माझं ठाम मत आहे. लाकडावर तो फिरवला की तपासनिसांचे बारीक शिक्के, पलटणीच्या खुणा, एखाद्या शिपायाने कोरलेली अक्षरं एका दुपारी पुसली जातात. लोखंडावर मोटरने बफिंग केलं की क्रमांकांच्या कडा गोल होतात आणि मूळ काळपट रंग कायमचा जातो. नवी झळाळी परत आणता येते, गेलेला शिक्का येत नाही. गंज काढायला तेल आणि अतिशय बारीक स्टील वूल, आणि भरपूर सबुरी. सुटा भाग स्वच्छ पाण्यात उकळला तर लाल गंजाचा काळा, घट्ट बसणारा ऑक्साइड होतो आणि वरचा भुगा हलक्या हाताने निघतो. ब्रिटिश कारखान्यांचा जुना रंगही गंजावर आधारलेल्या अशाच प्रक्रियेतून यायचा, म्हणून हा उपाय रायफलीच्या अंगी शोभतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर या रायफली फार स्वस्त झाल्या आणि हजारो लोकांनी पुढचं लाकूड कापून त्यांच्या हलक्या शिकारी बंदुका केल्या. अशी कापलेली पण धड नळीची रायफल मिळाली, तर तिला जुनं लाकूड आणि टोप्या शोधून पूर्ववत करणं हे मला या छंदातलं सगळ्यात समाधानाचं काम वाटतं. अस्सल, न कापलेली रायफल मात्र जशी आहे तशी ठेवावी.

लाकूड बसवताना एक बारकावा लक्षात ठेवा. गोळी सुटल्यावरचा धक्का लाकडातल्या दोन छोट्या टेकूंवर येतो. वर्षानुवर्षं तेल पिऊन ते मऊ पडले की लोखंड लाकडात सरकतं आणि गोळ्या वाटेल तिकडे जातात. लिथगोच्या कारखान्याने तिथे तांब्याच्या पट्ट्या बसवल्या होत्या. पुष्कळ ‘नेम न लागणाऱ्या’ रायफलींची नळी उत्तम असते, बिघाड या टेकूंमध्ये असतो.

पाव मिलिमीटरचा प्रश्न

आता सगळ्यात महत्त्वाचं आणि समजायला थोडं अवघड असं मोजमाप: हेडस्पेस. .३०३ च्या काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली कड असते. ती कड नळीच्या मागच्या तोंडाला टेकते आणि मागून बोल्ट तिला आधार देतो. या दोघांमधली जागा म्हणजे हेडस्पेस. फौजेच्या मापात ती ०.०६४ ते ०.०७४ इंच, म्हणजे सुमारे १.६३ ते १.८८ मिलिमीटर असायला हवी. सगळा खेळ पाव मिलिमीटरचा.

सैल झाकणाचा प्रेशर कुकर चुलीवर कोणी ठेवत नाही. इथे तर स्फोट चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर होतो. जागा जास्त असेल तर दाब आल्यावर काडतुसाच्या पितळी पुंगळीचा पुढचा भाग नळीच्या भिंतीला चिकटतो, बूड मात्र मागे बोल्टला जाऊन टेकतं. मधलं पितळ ताणलं जातं आणि शेवटी बुडाच्या थोडं वर तुटतं. मग तप्त वायू मागे फुटतो. त्यात या रायफलीचे खटके मागे असल्यामुळे बोल्ट आणि अंग दाबाखाली थोडं लवचतं, आणि खंदकातल्या चिखलातही काडतूस बसावं म्हणून नळीची मागची पोकळी मुळातच ऐसपैस ठेवलेली असते. पितळ ताणण्याची प्रवृत्ती म्हणून हिच्यात जन्मजातच आहे.

हे मोजायला पोलादी गेज मिळतात. लहान गेजवर बोल्ट बंद व्हायला हवा, मोठ्यावर होता कामा नये. बोल्ट अलगद, बोटाच्या जोराने मिटायचा. दुसऱ्या महायुद्धातल्या नंबर फोर रायफलीला बोल्टची सुटी डोकी शून्य ते तीन अशा क्रमांकांची असतात, लांबी क्रमाने वाढत जाते. मार्क थ्रीला ते क्रमांक नाहीत, तिथे जाणकार कारागिराने घासून डोकं बसवावं लागतं. घरी हे करू नये. जाणकाराच्या तपासणीचे पैसे वाचवण्यात शहाणपण नाही.

नळी पाहताना फक्त आत चमकते का एवढंच बघू नका. दोरी ओढून नळी साफ करायच्या पद्धतीमुळे तोंडाजवळ एका बाजूला घळ पडते आणि नेम बिघडतो. शिवाय युद्धकाळातल्या नळ्यांचं माप एकसारखं नाही. मऊ शिशाची गोळी रिकाम्या नळीतून हळूहळू ढकलून काढतात आणि तिचा व्यास मायक्रोमीटरने मोजतात. चरांपर्यंतचा व्यास ०.३११ पासून ०.३१५ च्याही पुढे निघू शकतो, आणि नव्या गोळ्या त्यानुसार निवडायच्या.

खडकीची काडतुसं आणि गरम पाणी

जुन्या दारूगोळ्याचा विषय निघाला की पुणेकरांना ओळखीची खूण भेटते. पुंगळीच्या बुडावर ‘के.एफ.’ म्हणजे खडकीची दारूगोळा फॅक्टरी, स्थापना १८६९. खडकीची .३०३ काडतुसं जगभरच्या संग्राहकांच्या डब्यांत सापडतात. त्या काळच्या बहुतेक लष्करी काडतुसांप्रमाणे त्यांच्या बुडाला असलेल्या, ठिणगी पाडणाऱ्या टोपीतल्या रसायनातून गोळी सुटल्यावर पोटॅशियम क्लोराइड उरतं. हे एक प्रकारचं मीठ. हवेतली ओल ते खेचून घेतं आणि नळीला गंज चढवतं, दमट हवेत तर एका रात्रीत. तेलात मीठ विरघळत नाही, त्यामुळे नुसतं तेल लावून काही होत नाही. उपाय जुना आणि फुकटचा आहे: उकळतं पाणी. मागून नरसाळं लावून ते नळीतून ओतायचं, तापलेली नळी लगेच कोरडी होते, मग फडकं आणि शेवटी तेल. बोल्टचं तोंडही धुवायचं, हे बरेच जण विसरतात.

जुनं काडतूस शक्यतो संग्रहातच राहू द्यावं. चालवायला नवीन, कारखान्यातलं काडतूस घ्यावं. फौजेच्या मूळ मार्क सेव्हन काडतुसाची गोळी वजनाने १७४ ग्रेनची, वेग सेकंदाला २४४० फूट. त्याच्या आसपासचं घेतलं की मूळ साइट बरोबर जुळते. आणि ईशापूरची २ए१ हातात असेल तर अंगावर काय कोरलंय ते वाचल्याशिवाय एकही काडतूस आत घालू नका. लाकूड आणि आकार जवळजवळ सारखे, काडतूस मात्र पूर्ण वेगळं.

पहिल्या एक-दोन गोळ्या रायफल भक्कम बांधून, लांबून दोरीने चाप ओढून सोडतात. मग पुंगळ्या हातात घ्यायच्या. बुडाच्या थोडं वर चकचकीत कडं दिसत असेल तर पितळ ताणलं जातंय. पुंगळी पुन्हा भरणारे लोक टोक वाकवलेली तार आत घालून त्या जागी खाच लागते का ते चाचपतात. खाच लागली तर ती पुंगळी भंगारात आणि रायफल परत कारागिराकडे.

हे सगळं नीट निघालं की मग खांद्याला. काडतुसं मॅगझिनमध्ये भरताना वरच्याची कड खालच्याच्या कडेच्या पुढे राहील असं बघा, नाहीतर कडा एकमेकींत अडकतात आणि बोल्ट तिथेच थांबतो. चापाला दोन टप्पे आहेत. पहिला लांब आणि हलका, मग एक अडसर जाणवतो, तिथे श्वास रोखून नेम पक्का करायचा आणि मग दाबायचं. मागची साइट दोनशे यार्डांपासून सुरू होते, त्यामुळे शंभरावर गोळी वर लागली तर साइटला दोष देऊ नका. धड स्थितीतली रायफल शंभर यार्डांवर तीन-चार इंचांत गोळ्या ठेवते. इंग्लंडमध्ये बिस्ली इथे १८९० पासून राष्ट्रीय नेमबाजी भरते आणि जुन्या लष्करी रायफलींच्या स्पर्धाही तिथे होतात. शंभरी ओलांडलेल्या बंदुका तिथे आजही नेमाने चालतात.

प्रत्येक रायफलीची एक वही ठेवावी, असं मी आग्रहाने सांगेन: खुणांचे फोटो, हेडस्पेसचं माप, नळीचा व्यास, कुठला भाग कधी बदलला आणि जुना भाग कुठे ठेवलाय. रायफल विकताना वही आणि जुने भाग सोबत द्यावेत.